छत्तीस दात्यांची वाटणी

टेबलपंखा हा मध्यमवर्गीय कुटुंबातील एकमेव निःपक्षपाती अधिकारी होय. वडीलधाऱ्यांचा मान, पाहुण्यांची सरबराई, परीक्षार्थींची निकड आणि धाकट्यांची रडारड यांपैकी कशालाही भीक न घालता तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकाच गतीने मान वळवीत जातो, आणि ज्याच्या वाट्याला जितका वारा नेमून दिलेला असेल तितका त्याच्या तोंडावर टाकून, आभाराची अपेक्षा न करता, पुढच्या इसमाकडे वळतो. अशा या अधिकाऱ्याची मान ऐन वैशाखात एकाएकी एका बाजूला अडकून बसली, म्हणजे घरात जी परिस्थिती उद्भवते ती दिवाणी दाव्याहून फारशी निराळी नसते. ज्याच्याकडे तोंड करून पंखा थांबला असेल तो ईश्वरी संकेताचा हवाला देतो. ज्याच्याकडे पाठ करून थांबला असेल तो वडिलोपार्जित हक्काची आठवण काढतो. आणि उभयपक्षी तडजोड होऊन शेवटी पंखा दर पाच मिनिटांनी हाताने वळविण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्या सभासदाकडे, त्याचा जबाब न घेता, कायमचे वर्ग करण्यात येते.

या कलहाचे मूळ पंख्याच्या मागच्या टोपणाखाली दडलेले असते. मोटरचा दांडा मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेतो. मान मात्र तेवढ्या अवधीत पाच-सहा वेळाच वळावी लागते. या दोहोंमधला व्यवहार जमविण्यासाठी दांड्याच्या मागल्या टोकावर आट्यांसारखा वर्म कोरलेला असतो आणि त्याला नायलॉनचे एक पांढरे, रुपयाच्या नाण्याहून किंचित लहान असे दात्यांचे चाक भिडलेले असते. वर्मचा एक पूर्ण फेरा झाला की चाकाचा एकच दाता पुढे सरकतो. चाकाला छत्तीस दाते असले तर चौदाशे फेरे एका दमात चाळिसाच्या आत येतात, आणि पुढची गिअरची जोडी त्यांचे आणखी सात हिस्से पाडून उरलेला शिल्लक वेग मानेच्या हवाली करते. एखाद्या बालकाने कौतुकाने पंख्याची मान धरून ठेवली, आणि अशा प्रसंगी घसरण्यासाठी ठेवलेला क्लच गंजून बसलेला असला, म्हणजे वर्म थांबत नाही, मान हलत नाही, आणि दोघांच्या मधल्या मध्ये नायलॉनचे दाते सपाट होतात.

हे सपाट झालेले चाक कागदात गुंडाळून बाजारात नेणाऱ्या भाबड्या गृहस्थास दुकानदार जे उत्तर देतो ते कोणत्याही गावी गेले तरी बदलत नाही. तो चाक हातात घेत नाही, दुरूनच पाहतो आणि म्हणतो, “हे सुटं येत नाही. पूर्ण गिअरबॉक्स घ्यावा लागेल.” पूर्ण गिअरबॉक्स घेण्याची तयारी दाखविली की म्हणतो, “तुमच्या मॉडेलचा आता येत नाही. नवा पंखा दाखवू?” ज्या चाकात तोळाभरसुद्धा नायलॉन नाही त्याच्यापायी तांब्याच्या तारेची मोटर, लोखंडी बैठक, जाळी आणि पाती यांसह सबंध पंखा भंगारात घालावा, हा व्यवहार सामान्य माणसाला मुकाट्याने मान्य होतो. ज्यांना तो होत नाही, अशा दुर्मीळ आणि किंचित हट्टी वर्गात आमच्या पेठेतील तात्यांचा समावेश करावा लागेल.

तात्या हे तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीच्या मंडळींपैकी कोणी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसले, कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटू लागले, कोणी सहकारी पतपेढीच्या निवडणुकीत उतरून असलेली प्रतिष्ठा गमावून बसले. तात्यांनी मात्र साताऱ्यात एका बंद पडलेल्या शाळेच्या कर्मशाळेचे सामान लिलावात निघाले असता, इतर बोलीदारांची नजर बाकांकडे आणि कपाटांकडे असल्याची संधी साधून, एक लहान लेथ आणि तिच्याबरोबर एक धुळीने माखलेले इंडेक्सिंग हेड पदरात पाडून घेतले, आणि परसातील जुन्या न्हाणीघरात त्यांची स्थापना केली. बंबाच्या जागी लेथ, चुलीच्या जागी ग्राइंडर, आणि जेथे पूर्वी उटण्याची वाटी असे त्या कोनाड्यात व्हर्निअर, अशी ती व्यवस्था आहे. भिंतीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे छायाचित्र आहे. मुंबईस तंत्रशिक्षणाच्या संस्थेत ड्रॉइंग शिकविणाऱ्या आणि बेळगावास सायकलींचा धंदा करणाऱ्या ज्या मनुष्याने १९१० साली औंध संस्थानातल्या एका माळरानावर कारखाना उभारला, त्याच्या नजरेखाली आपण निदान एक गिअर तरी धड कापावा, अशी तात्यांची माफक महत्त्वाकांक्षा आहे. काकूंचे म्हणणे असे की लक्ष्मणरावांना राहते न्हाणीघर मोडावे लागले नव्हते.

घरी गिअर बनविणारे इसम पुष्कळ असतील. परंतु गिअरला महसुली पद्धतीने वागविणारा इसम मला दुसरा ठाऊक नाही. आपल्याकडे आलेला प्रत्येक तुटका गिअर तात्या प्रथम आवकवहीत नोंदतात, त्याला क्रमांक देतात, आणि नंतर पंचांसमक्ष त्याचा पंचनामा करतात. या पंचांत माझी नियुक्ती मी पूर्वी शाळामास्तर असल्याच्या एकमेव पात्रतेवर झालेली आहे. प्रस्तुत प्रकरणातला पंखा तात्यांच्याच ओटीवरचा असल्यामुळे फिर्यादी, तपासणी अंमलदार आणि कारागीर हे तिन्ही एकाच धोतरात वावरत होते, हा भाग निराळा.

पंचनाम्यातील पहिला आणि सर्वांत वादग्रस्त मुद्दा म्हणजे दाते किती? शाबूत गिअरचे दाते मोजणे सोपे. पेनाने एका दात्यावर खूण करावी आणि परत खुणेपर्यंत यावे. परंतु ज्याचे सलग सहा-सात दाते नाहीसे झालेले आहेत त्याच्या बाबतीत उरलेल्यांवरून गेलेल्यांचा अंदाज करावा लागतो, आणि गेलेल्यांच्या बाबतीत माणसे नेहमीच अतिशयोक्ती करतात. माझी गणना पस्तीस आली, तात्यांची छत्तीस, काकूंनी केसातली पिन काढून एकेका खाचेत टेकवीत मोजले आणि आमच्या दोघांकडे न पाहता “छत्तीस” म्हणून त्या आत गेल्या. त्यानंतर बाहेरचा व्यास. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्या बेरजेने व्यासाला भागले की जे येते त्याला मॉड्यूल म्हणतात, आणि ते एकदा हाती लागले की चाकाची सारी वंशावळ उलगडते. व्यास १९ मिलिमीटर भरला असता तर ३८ ने भागून स्वच्छ अर्धा आला असता. परंतु तो १९ आणि २० यांच्या मध्ये कोठेतरी, झिजलेल्या टोकांवर घुटमळत राहिला. तात्यांनी चष्मा पुसला. हा मेट्रिक अर्धा मॉड्यूल नसून इंग्रजी मापाचा ४८ पिच असू शकेल, कारण तसे धरल्यास व्यास २० मिलिमीटरच्या थोडा वर गेला पाहिजे, आणि झीज वजा जाता आजचे माप तेथूनही निघते! इंग्रज जाऊन किती काळ लोटला तरी त्याचा इंच आपल्या शिवणयंत्रांत, नळांच्या आट्यांत आणि बोल्टांत अजून वतन सांभाळून बसला आहे, हे सत्य ज्याला पटत नसेल त्याने कोणत्याही घरातला पान्यांचा संच तपासून पाहावा. अखेर वर्मच्या आट्यांवर व्हर्निअर लावून, दहा आटे मिळून पंधरा मिलिमीटर सात दशांश भरल्यावर, हा वाद मेट्रिकच्या बाजूने निकालात निघाला. मुद्देमालावर तसा शेरा झाला आणि चहा झाला.

पुढचा प्रश्न मालाचा. नायलॉन हे द्रव्य वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली अमेरिकेत प्रथम तयार केले, आणि बाजारात ते पहिल्यांदा आले ते १९३८ साली दात घासण्याच्या ब्रशाचे केस म्हणून. स्त्रियांच्या मोज्यांचा बोलबाला त्यानंतरचा. म्हणजे दातांशी त्याचा संबंध अगदी उपजत, पुढे तो माणसाच्या दातांकडून यंत्राच्या दात्यांकडे वळला इतकेच. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात नायलॉनचा गोल रॉड किलोवर मिळतो, आणि त्याच्या शेजारीच डेलरिन नावाचा त्याचा चुलतभाऊही तितकाच पांढरा, तितकाच गुळगुळीत आणि चेहऱ्याने तंतोतंत तसाच उभा असतो. कोणता कोण हे दुकानातल्या पोऱ्याला विचारण्यात अर्थ नसतो, कारण तो गिऱ्हाईक जे नाव घेईल त्याला होकार देतो. खरी परीक्षा अग्निपरीक्षा. एक कपचा काडीवर धरावा; नायलॉन असेल तर जळक्या केसांसारखा वास येतो आणि वितळलेल्या टोकाला काडी लावून ओढली तर बारीक तार निघते; डेलरिन असेल तर ज्योत निळसर, दिवसा दिसेल न दिसेल अशी, आणि वास असा की नाका-डोळ्यांना पाणी सुटावे, कारण तो फॉर्मलडीहाइडचा असतो, जो आपण शाळेच्या प्रयोगशाळेत बाटलीतल्या बेडकांजवळ अनुभवलेला आहे. तात्यांनी ही परीक्षा ओटीवर घेतली. आतून काकूंनी कोणाचे केस जळाले म्हणून विचारल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला आणि “नायलॉन!” असे मोठ्याने उद्गारून त्यांनी तशी नोंद केली.

आता प्रत्यक्ष कापणे. दोन दात्यांमधल्या खाचेचा आकार हा मन मानेल तसा काढून चालत नाही. वर्तुळाभोवती गुंडाळलेला दोरा ताणून धरून सोडवीत गेले असता त्याचे टोक हवेत जी रेषा काढते, ती दात्याच्या अंगाला पाहिजे. या रेषेचा अभ्यास ह्यूजेन्स या डच पंडिताने लंबकाच्या घड्याळावरील आपल्या १६७३ सालच्या ग्रंथात केला आणि पुढल्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने गिअरच्या दात्यांना तिची शिफारस केली. तिचा मोठा गुण असा की दोन चाकांमधले अंतर थोडे कमी-जास्त झाले तरी त्यांच्या गतींचे प्रमाण बिघडत नाही. हा गुण माणसांच्या जोड्यांतही उतरता तर तात्यांच्या कचेरीत येणाऱ्या अर्जांची संख्या निम्म्याने घटली असती. कारखान्यात ही रेषा साधण्यासाठी एका मॉड्यूलला आठ कटरांचा संच ठेवतात, बारा-तेरा दात्यांना एक, चौदा ते सोळांना दुसरा, अशी त्यांत वर्गवारी असते. आणि त्या संचाची किंमत ऐकून तात्यांनी तो प्रस्ताव निधीअभावी तहकूब केला. त्याऐवजी हायस्पीड पोलादाच्या तुकड्याला ग्राइंडरवर घासून, मधूनमधून जुन्या गिअरच्या शाबूत खाचेत बसवून, फटीतून उजेड दिसतो का हे भिंगाने पाहत, त्यांनी एकच दात असलेला कटर घडविला. पोलादाला असला एकदाती कटर दमवून टाकतो. नायलॉन मात्र त्याच्यापुढे निमूट बसतो आणि त्याच्या शेवया अशा सुरेख, अखंड आणि लांबलचक निघतात की त्या दिवशी न्हाणीघरात डोकावलेल्या धाकट्या नातीने त्यांची वाटी भरून घरात नेली.

परंतु खरा कस लागतो तो वर्तुळाच्या समान वाटणीत. इंडेक्सिंग हेडच्या पोटात चाळीसाला एक असे प्रमाण असते. म्हणजे त्याची मूठ चाळीस वेळा फिरविली की चाक एकदा फिरते. छत्तीस दात्यांना चाळीस भागिले छत्तीस, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर एक नवमांश. हा नवमांश मोजण्यासाठी मुठीमागे भोकांची तबकडी असते. तिच्यावरील अठरा भोकांचे वर्तुळ घ्यावे, एक फेरा पूर्ण करावा आणि त्यापुढे दोन भोके सरकून पिन सोडावी. हिशेब इतका सरळ की तो तात्यांसारख्या आकडेमोडीत हयात घालविलेल्या मनुष्याच्या हातून चुकेल अशी शंका कोणी घेतली नाही, आणि चूक झाली ती नेमकी त्या हयातीमुळेच. सरकारी कचेरीत रजेचे दिवस मोजताना पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरतात. तात्यांनी त्या न्यायाने पिन ज्या भोकात होती ते भोक पहिले धरले आणि पुढचे दुसरे. प्रत्यक्षात पिन दोनऐवजी एकच भोक सरकत गेली. मूठ फिरते आहे, कटर गुणगुणतो आहे, शेवया पडताहेत, तोंडाने अंक चालू आहेत. आणि छत्तिसावी खाच पडली तरी वर्तुळ मिटेना. सदतिसावा दाता आला, आणि त्यानंतर उरलेल्या जागेत अडतिसावा असा बारीक आला की त्याला दाता म्हणण्याऐवजी शिफारस म्हणणे योग्य.

तात्यांनी लेथ बंद केली, रजेच्या नियमांची आठवण त्यांना झाली असावी असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले, आणि म्हणाले, “मास्तर, यांत आकडा चुकलेला नाही. नियम चुकीच्या खात्याचा लागला.”

त्यानंतर कापलेले चाक मात्र पाहण्यासारखे झाले. वर्मच्या आट्यांचा कल लक्षात घेऊन त्यांनी कोरे चाक काही अंशांनी कलते बांधले होते, त्यामुळे दातेही किंचित तिरके, एकामागून एक, कवायतीला उभे असल्यासारखे आले. ते चाक खिडकीच्या उजेडात धरून तात्या बराच वेळ फिरवून पाहत होते. साऱ्या नोकरीत त्यांनी वाटण्या नोंदविल्या होत्या. विहिरीचे पाणी चार दिवसांआड कोणाला किती प्रहर, बांधावरच्या आंब्याची आणेवारी कशी, पोटहिस्सा दोन गुंठ्यांनी कोणाकडे जास्त गेला, आणि त्या दोन गुंठ्यांपायी सख्ख्या भावांची बोलणी कधीपासून बंद आहेत, हे त्यांच्या हस्ताक्षरात तालुक्याच्या दप्तरखान्यात आजही पडून आहे. सातबाऱ्यावर समसमान लिहिलेली वाटणी शेतावर कधी समसमान असलेली त्यांनी पाहिली नाही. येथे छत्तीस हिस्सेदार होते आणि एकाचीही हरकत नव्हती.

माणसाला या वाटणीचा नाद फार जुना आहे. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजात १९०१ साली सापडलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या खगोलयंत्राच्या अवशेषांत कांस्याची तीस दंतचक्रे आहेत, आणि त्यांतील एकाला संशोधकांच्या गणनेप्रमाणे २२३ दाते होते. २२३ ही मूळ संख्या. तिला दोन, तीन, पाच कशानेच भाग जात नाही. चंद्राच्या २२३ मासांनी ग्रहणांचे चक्र फिरून येते म्हणून त्या कारागिराला नेमकी हीच संख्या हवी होती, आणि इंडेक्सिंग हेड नव्हते. त्याचे दाते साधे त्रिकोणी आहेत, ऑयलरची रेषा त्याला कोठून ठाऊक असणार. परंतु तात्यांना मी हे सांगितल्यापासून ते त्या निनावी ग्रीकाचा उल्लेख “आपला पूर्वीचा मनुष्य” असा करतात, जणू काही बदली होऊन गेलेला मागला कारकून.

नायलॉनचा एक दुर्गुण मात्र महसूल खात्यालाही माहीत नव्हता. तो पाणी पितो. कोरडा रॉड आणून कापलेले चाक पावसाळी हवेत ओलावा शोषून फुगते. पाण्यात बुडवून पोटभर पिऊ दिले तर साधे नायलॉन आपल्या वजनाच्या नऊ-दहा टक्क्यांपर्यंत पाणी रिचवते. वैशाखातल्या पंख्यासाठी सुरू झालेले काम तयार होईतो साताऱ्यात आषाढ लागला होता, पंख्याची कोणालाच गरज उरली नव्हती, आणि चाक वर्मच्या आट्यांत घट्ट बसू लागले होते. यावर जाणते लोक असा उपाय करतात की नायलॉन आधीच पाण्यात उकळून त्याची तहान भागवावी आणि मग अखेरचे माप घ्यावे. तात्यांनी पुढचा तुकडा कापण्याआधी स्वयंपाकघरातून एक पातेले मिळविले. काकूंनी झाकण उघडून पाहिले.

“अहो, हे शिजायला किती वेळ लागतो?”

“दोन-तीन तास तरी.”

“मग गॅस तुमच्या पेन्शनीतून,” असे म्हणून त्यांनी झाकण परत ठेवले.

खर्चाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तात्यांच्या नोंदवहीत या गिअरचा खर्च अत्यंत अल्प दाखविलेला आहे. लेथ ही भांडवली बाब असल्यामुळे निराळ्या लेखाशीर्षाखाली गेली, न्हाणीघराची मोडतोड ‘इमारत दुरुस्ती’त गेली, पुण्याचा प्रवास भाचीच्या साखरपुड्यास जोडून केल्यामुळे सामाजिक कर्तव्यात जमा झाला, आणि गिअरच्या नावे उरला तो फक्त नायलॉनचा एक इंच तुकडा. या हिशेबाने नव्या पंख्याच्या तुलनेत झालेली बचत डोळे दिपविणारी आहे. ज्यांनी शासकीय प्रकल्पांचे अहवाल वाचले आहेत त्यांना यात नवीन काही आढळणार नाही.

येथे हा विषय संपला असता. परंतु पंखा नीट चालू लागल्यावर तात्यांच्या मनात आले की नायलॉनचे चाक जर एकदा गेले तर पुन्हाही जाईल, तेव्हा कायमचा बंदोबस्त करावा. त्यांनी तेच चाक पितळेत कापले. पितळेचे चाक देखणे झाले, अडतिसाव्या दात्याचा मागमूसही नव्हता, आणि पंखा रात्रभर असा कण्हू लागला की ओटीवर झोपलेल्या पाहुण्याने दुसऱ्या दिवशी माझ्या घरी मुक्काम हलविला. प्लॅस्टिकची चाके मुकाट्याने आणि पुष्कळदा वंगणावाचून फिरतात, ही त्यांची थोरवी तोवर कोणाच्या ध्यानात आली नव्हती. पुढे त्याच धाकट्या नातीने पंख्याची मान दोन्ही हातांनी धरली. पितळेचा एक दाताही दुखावला नाही. कडकन आवाज झाला आणि गिअरबॉक्सचा ओतीव कान तुटून मान खाली पडली. ही वस्तू घरी बनविता येत नाही.

त्या दिवशी तात्यांना नायलॉनचे शास्त्र जे समजले ते मला वाटते कोणा इंजिनिअरापेक्षा अधिक खोलवर समजले, कारण ते त्यांच्या खात्यातलेच होते. पंखा बनविणाऱ्याने ते चाक कमजोर ठेवले ते कंजुषीने असेलही, परंतु तेवढ्यासाठीच नव्हे. वर मोटर आहे, खाली मान आहे, दोघांत तंटा झाला तर कोणीतरी मोडलेच पाहिजे. आणि जो सर्वांत स्वस्त, सर्वांत लहान आणि बदलायला सर्वांत सोपा, त्यानेच मोडावे अशी योजना करून ठेवलेली असते. मिक्सरच्या भांड्याखालचा कपलर याच नेमणुकीवर असतो. पूर्वी गुऱ्हाळातल्या लाकडी चरकाचे बाभळीचे दाते तुटले की गावचा सुतार ते बदलून बलुत्याचा हक्क राखी; विलायतेतल्या पिठाच्या गिरण्यांतही लोखंडी चाकांना मुद्दाम लाकडी दाते बसवीत, ते आवाज कमी करण्यासाठी आणि प्रसंगी तुटण्यासाठी. “मास्तर,” तात्या म्हणाले, “वरून हुकूम आला, खालून रयत हटली, म्हणजे निलंबित कोण होतो? कलेक्टर होतो का? तलाठी होतो. मग तो मजबूत पाहिजे, ही माझी मागणीच बेकायदा होती.” आणि त्यांनी पितळेचे चाक अभिलेखात जमा करून दुसरा गिअरबॉक्स जुन्या बाजारातून पैदा केला आणि त्यात पुन्हा नायलॉन बसविले. यात तलाठ्याविषयी त्यांना सहानुभूती नाही असे नाही. एक टिनाचा डबा भरून त्यांनी सुटे नायलॉनी गिअर कापून ठेवले आहेत, म्हणजे एक निलंबित होताच दुसरा तत्काळ रुजू करता येतो.

मध्यंतरी इंजिनिअरिंगला असलेल्या थोरल्या नातवाने थ्री-डी प्रिंटर आणला आणि आजोबांच्या न्हाणीघराकडे जरा करुणेने पाहू लागला. त्याने तेच चाक संगणकावर काढून छापले, आणि ते हुबेहूब छापले गेले हे कबूल करणे भाग आहे. परंतु त्या यंत्रात घातलेले पीएलए नावाचे प्लॅस्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि मोटरला चिकटून असलेल्या जागेत उन्हाळ्यातल्या दुपारी किती उष्णता साठते याचा अंदाज संगणकाने घेतलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत सर्व दाते एका दिशेला नम्रपणे वाकलेले आढळले. नातवाने मग आटे पाडण्याच्या टॅपने चाक कापण्याची एक युक्ती सुचविली: लेथमध्ये टॅप फिरवावा, नायलॉनची कोरी चकती खिळ्यावर मोकळी सोडून त्यावर टेकवावी, टॅप स्वतःच चकतीला ओढून फिरवितो आणि दाते पाडतो. युक्ती खरी आहे आणि नायलॉनवर चालतेही उत्तम. परंतु त्यात दाते किती पडावेत हे चकतीच्या व्यासावर आणि थोडेफार तिच्या मर्जीवर अवलंबून असते. छत्तीस हवे असता पस्तीस किंवा सदतीस पडतात. शिवाय दहा मिलिमीटरच्या टॅपचा आटा दीड मिलिमीटरचा, आणि आमच्या वर्मचा त्याहून चिमूटभर मोठा. हिस्सेदारांची संख्या हिस्सेदारांनीच ठरवावी ही पद्धत तात्यांनी फेटाळून लावली. हल्ली आजोबा आणि नातू यांच्यात असा समझोता आहे की चित्र नातवाने काढावे आणि भोके आजोबांनी मोजावीत.

या लेखामुळे तात्यांकडे अर्जदारांची रीघ लागण्याचा संभव असल्याने त्यांच्या वतीने वाचकांस विनंती आहे ती अशी. घरातील पंखा, मिक्सर, शिवणयंत्र किंवा नातवंडांचे खेळणे यांतील गिअर तुटला तर तो केरात टाकू नये. त्याचे सर्व तुकडे, अगदी सुटलेले दातेसुद्धा, एका लिफाफ्यात घालावेत. तुटण्यापूर्वीच दाते मोजून ठेवणारा कोणी दूरदर्शी गृहस्थ असेल तर त्याने ती संख्या वर लिहावी. आणि ज्या वर्मशी किंवा ज्या चाकाशी तो भिडत होता ती जोडीदार वस्तूही सोबत आणावी, कारण एकाच पक्षाची बाजू ऐकून तात्या निकाल देत नाहीत. दाते किती ते नक्की ठाऊक नसेल तर काकूंना विचारावे. भेटीची वेळ सकाळी नऊ ते अकरा. दुपारी न्हाणीघर बंद असते. वैशाखात पंखा हवा असेल त्याने अर्ज कार्तिकात करावा.